मोरोंची गोष्ट आणि पंचेचाळीसचे पिस्तूल

बंदुकांच्या शौकिनांत एक गोष्ट गेली शंभर वर्षे सांगितली जाते. फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडच्या बेटांवर मोरो नावाचे मुसलमान राहत. हातात बारोंग किंवा क्रिस घेऊन ते अमेरिकी सैनिकावर धावून येत. सैनिक आपल्या पॉइंट अडतीसच्या रिव्हॉल्व्हरमधून सहाच्या सहा गोळ्या त्यांच्या छातीत उतरवी, तरी ते थांबत नसत. सैनिकाला कापूनच मग कोसळत. शेवटी अमेरिकी लष्कराने हात टेकले आणि खास मोरोंना थोपवण्यासाठी पॉइंट पंचेचाळीसचे पिस्तूल बनवून घेतले. तेच पुढे एम-१९११ या नावाने जगभर गाजले.

ही गोष्ट अमेरिकेत सांगितली जाते तेव्हा तिचे तात्पर्य असते, 'धर्मवेडा माणूस साध्या गोळीने मरत नाही.' आपल्यातले काही जणही ती सांगतात, तेव्हा तात्पर्य असते, 'पाहा, इमानाच्या ताकदीपुढे अमेरिकेला पिस्तूल बदलावे लागले.' तात्पर्ये दोन, पण गोष्ट एकच. आणि दोन्हींत मोरो हा माणूस राहत नाही, गोळ्या झेलणारे एक अचाट प्रकरण होऊन जातो. म्हणून आम्हाला ही गोष्ट कागदपत्रांच्या कसोटीवर घासून पाहावीशी वाटली. एखादे लष्कर आपले जुने पिस्तूल टाकून नवे निवडते ते कसे? त्या निवडीत शत्रूच्या प्रतिमेचा वाटा किती, आणि कारकुनाच्या टाकाचा किती?

आधी मोरो कोण ते पाहू. 'मोरो' हे नाव त्यांनी स्वतःला दिलेले नव्हे. अंदालुसियातून मुसलमानांना हुसकावून लावणारे स्पॅनिश सोळाव्या शतकात या बेटांवर आले. इथेही त्यांना अजान ऐकू आली, तेव्हा त्यांनी इथल्या मुसलमानांना आपल्या ओळखीचे नाव देऊन टाकले : मूर, म्हणजे मोरो. प्रत्यक्षात ही तौसुग, मारानाओ, मागिंदानाओ अशी निरनिराळी माणसे, निरनिराळ्या बोली बोलणारी. सुलूची सल्तनत पंधराव्या शतकापासूनची, म्हणजे आपल्याकडच्या बहमनी काळातली. स्पॅनिशांनी तीनशे वर्षे लढूनही ती पुरती जिंकली नव्हती. तरीही १० डिसेंबर १८९८ रोजी पॅरिसच्या तहात स्पेनने दोन कोटी डॉलर घेऊन सगळी बेटे अमेरिकेच्या हवाली केली. त्यात सुलूही होते. जे आपल्या ताब्यात धड नाही ते विकता येते, हा साम्राज्यांचा जुना कायदाच आहे.

अमेरिकेला त्या वेळी उत्तरेकडच्या ख्रिस्ती फिलिपिनो क्रांतिकारकांशी लढायचे होते. दक्षिणेत दुसरी आघाडी नको होती. म्हणून ऑगस्ट १८९९ मध्ये जनरल बेट्सने सुलतान जमालुल किराम दुसरा याच्याशी करार केला. या कराराचा इंग्रजी मसुदा आणि तौसुग मसुदा एकमेकांशी जुळत नाहीत. इंग्रजीत अमेरिकेचे सार्वभौमत्व स्पष्ट कबूल केले आहे. तौसुगमध्ये ते तसे नाही. उत्तरेकडचे युद्ध आटोपल्यावर, १९०४ मध्ये, अध्यक्ष रूझवेल्टने हा करार एकतर्फी रद्द केला. मग माणशी कर आला, हत्यारे जमा करण्याचे हुकूम आले. गुलामगिरीवरही बंदी आली. सुलूत गुलामगिरी होती आणि ती राखण्यासाठी लढणारे दातूही होते, हे आम्ही लपवून ठेवू इच्छित नाही. परंतु त्या बंदीबरोबर जे सगळे आले ते निव्वळ माणुसकीपोटी आले, असेही कुणी आम्हाला सांगू नये.

या संघर्षातला जो प्रकार अमेरिकी कल्पनेत रुतून बसला त्याला स्पॅनिश लोक 'हुरामेंतादो' म्हणत, म्हणजे शपथ घेतलेला. तौसुग लोकांचा स्वतःचा शब्द मात्र आपल्याला अगदी ओळखीचा आहे : सबील. फी सबीलिल्लाहमधला सबील. मोहरममध्ये आपल्या चौकाचौकांत पाण्याची, सरबताची जी सबील लागते तोच शब्द. अल्लाहच्या वाटेवर तहानलेल्याला पाणी पाजणे हीही सबील, आणि सुलूमध्ये गुस्ल करून, पांढरे कपडे घालून, आईबापांची परवानगी घेऊन परक्या सैनिकांच्या छावणीत एकट्याने मरायला शिरणे हीही सबील. एकच शब्द किती दूरवर गेला! फिलिपिनो मुसलमानांचे इतिहासकार सेझर अदीब माजूल यांनी या प्रथेचा उलगडा वेडाच्या भाषेत केला नाही. उघड्या मैदानात तोफांपुढे लढण्याचे सगळे मार्ग बंद झाले तेव्हा उरलेला हा एकाकी मार्ग होता, असे त्यांच्या मांडणीचे सार आहे. आम्हाला ही प्रथा गौरवाची वाटत नाही. त्या हल्ल्यांत बाजारातली निःशस्त्र माणसेही मेली आहेत. पण ती पराभूतांची गोष्ट आहे, अजिंक्यांची नव्हे, एवढे तरी नीट लक्षात घ्यावे.

आता पिस्तुलाकडे वळू.

१८७३ पासून अमेरिकी घोडदळाकडे कोल्ट कंपनीचे पॉइंट पंचेचाळीसचे रिव्हॉल्व्हर होते. नळीचे तोंड सुमारे साडेअकरा मिलिमीटर, गोळी जड. १८९२ मध्ये लष्कराने ते टाकून पॉइंट अडतीसचे नवे रिव्हॉल्व्हर घेतले. ते हलके होते, धक्का कमी देई, झटपट भरता येई. गोळी सुमारे दहा ग्रॅमची आणि वेग बेताचा. शांततेच्या काळात सगळ्यांना हे पसंत होते. युद्ध सुरू झाल्यावर फिलिपाइन्समधून तक्रारी येऊ लागल्या : गोळी लागते, पण माणूस थांबत नाही. तेव्हा गोदामात पडलेली जुनी पंचेचाळीसची रिव्हॉल्व्हरे नळ्या आखूड करून पुन्हा बाहेर काढण्यात आली.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की या तक्रारी दक्षिणेइतक्याच उत्तरेकडूनही येत होत्या, जिथे लढणारे ख्रिस्ती होते. अडतीसच्या दुबळेपणाचा जो दाखला पुस्तकांतून सर्वांत जास्त उद्धृत झाला आहे तो समार बेटावरच्या एका कैद्याचा. ऑक्टोबर १९०५ मध्ये त्याने पळण्याचा प्रयत्न केला, जवळून चार गोळ्या खाल्ल्या, तरी झटापट करीतच राहिला. अखेर बंदुकीच्या दस्त्याचा घाव घालून त्याला आडवे करावे लागले. समार बेट विसाया भागातले, तिथली वस्ती कॅथलिक. म्हणजे हा प्रसिद्ध 'न थांबणारा' माणूस मोरोंच्या मुलखातला नव्हताच. तरी गोष्ट पसरत गेली तसे त्याच्या अंगावरचे कपडे बदलत गेले आणि हातात क्रिस आली.

असे का झाले हे समजायला थोडे मागे, आपल्या देशात यावे लागेल. कारण 'गोळी लागूनही न थांबणारा मुसलमान' हे पात्र फिलिपाइन्समध्ये जन्मलेले नाही. १८९५ मध्ये चित्रालच्या मोहिमेत ब्रिटिशांनी आपली नवी पॉइंट तीनशे तीनची रायफल वापरली. तिची गोळी लहान, वेगवान, सबंध धातूच्या कवचातली. ती आरपार जाते पण सरहद्दीवरचा पठाण तरीही चालून येतो, अशी तक्रार झाली. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदम येथील दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले शिसे उघडे ठेवले. अशी गोळी शरीरात शिरताच फुलते आणि जखम भयंकर होते. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही 'डमडम' गोळी आफ्रिदींवर चालली. हिंदुस्थानातल्या एका गावाचे नाव जगाच्या शब्दकोशात गेले, ते असे.

युरोपात गदारोळ झाला. १८९९ मध्ये हेगला भरलेल्या शांतता परिषदेत अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा जाहीरनामा मांडला गेला. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी विरोध केला. त्यांच्या बोलण्याचा आशय असा होता की, सुधारलेल्या देशांच्या युद्धात जखमी झालेला सैनिक आपण होऊन माघारी फिरतो. रानटी माणूस मात्र दोनतीन ठिकाणी भोक पडले तरी पुढेच येतो, त्याला काही समजावून सांगण्याआधी तो आपले डोके उडवून मोकळा होतो. सबब अशा माणसासाठी वेगळी गोळी हवी. शिकारीत वाघाची गोळी वेगळी आणि हरणाची वेगळी असते, त्याच चालीवर हा युक्तिवाद होता. परिषदेने तो मानला नाही. जाहीरनामा मंजूर झाला, विरोधात मते पडली ब्रिटन आणि अमेरिकेची. अमेरिकेच्या वतीने जाहीरनाम्याच्या शब्दरचनेला हरकत घेणारा अधिकारी होता कॅप्टन विल्यम क्रोझियर.

हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. दोनच वर्षांनी, १९०१ मध्ये, हाच क्रोझियर अमेरिकी लष्कराच्या ऑर्डनन्स खात्याचा, म्हणजे शस्त्रास्त्र खात्याचा, प्रमुख झाला आणि १९१८ पर्यंत त्या जागेवर राहिला. नवे पिस्तूल निवडण्याची सगळी प्रक्रिया त्याच्याच अमलाखाली घडली. अमेरिकेने तो जाहीरनामा कधीच स्वीकारला नाही. पण सरळ डमडम गोळी वापरणेही नको होते. मग कवचबंद गोळीनेच माणूस थांबवायचा कसा? एकच वाट उरते : गोळी जाड करा.

१९०४ मध्ये हा प्रश्न दोन अधिकाऱ्यांकडे सोपवला गेला. एक ऑर्डनन्सचा कॅप्टन जॉन थॉम्पसन. पुढे गुंडांच्या आणि पोलिसांच्या हाती सारख्याच शोभलेल्या 'टॉमी गन'चा हाच जनक. दुसरा लष्करी डॉक्टर मेजर लुई लागार्ड. त्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जिवंत गुरांवर वेगवेगळ्या आकारांच्या गोळ्या झाडून पाहिल्या. जनावर किती वेळात पडते याची नोंद केली. दहा गोळ्यांनीही न पडलेले जनावर हातोड्याने मारले. माणसांची प्रेतेही टांगली, आणि गोळी लागल्यावर ती किती हेलकावतात हे पाहिले. प्रेताच्या हेलकाव्यावरून जिवंत माणसाच्या जिद्दीचा हिशेब कसा लावायचा, हा प्रश्न त्यांना पडला की नाही कोण जाणे. शास्त्र म्हणून हा प्रयोग कच्चाच होता. गुरे थोडी, नेम वेगवेगळ्या ठिकाणी, निष्कर्ष आधीच मनात असल्यासारखा. अहवालात लिहिले गेले : लष्करी पिस्तुलाचा व्यास पॉइंट पंचेचाळीसपेक्षा कमी असू नये.

त्याच अहवालात आणखी एक वाक्य होते, जे गोष्ट सांगणारे नेहमी गाळतात. मर्मस्थानी लागल्याखेरीज पिस्तुलाची कोणतीही गोळी माणसाला हमखास थांबवत नाही, म्हणून सैनिकांना नेमबाजीचा अखंड सराव द्यावा, अशा अर्थाचे. म्हणजे खुद्द तज्ज्ञांनी कबूल केले होते की दोष निम्मा गोळीचा आणि निम्मा नेमाचा. भांबावलेल्या सैनिकाने धावत्या माणसावर झाडलेल्या सहा गोळ्यांपैकी दोन हवेत जातात, दोन दंडातून जातात. पण आपला नेम चुकला असे लिहिण्यापेक्षा समोरचा माणूस अमानुष होता असे लिहिणे सोपे, आणि वरिष्ठांनाही तेच वाचायला आवडते.

व्यास ठरला. पुढचे काम मात्र, आम्ही मोकळेपणाने सांगतो, वाखाणण्यासारखे झाले. १९०६ मध्ये कारखानदारांना आवाहन गेले. १९०७ मध्ये स्प्रिंगफील्ड शस्त्रागारात परीक्षा सुरू झाली. कोल्ट होती, सॅव्हेज होती, जर्मनीची लुगर होती, आणखीही काही होत्या. लुगरने पुढे माघार घेतली. कोल्ट आणि सॅव्हेज यांची पिस्तुले घोडदळाकडे वापरायला दिली गेली, तक्रारी आल्या, दोष सुधारून पुन्हा आणली गेली. असे तीनचार वर्षे चालले. कोल्टचा रचनाकार जॉन ब्राउनिंग हा युटाहमधल्या एका बंदूकसाजाचा मुलगा. कागदापेक्षा कानशीवर त्याचा भरवसा जास्त. मार्च १९११ मध्ये शेवटची कसोटी झाली. प्रत्येक पिस्तुलातून सहा हजार गोळ्या. शंभर झाडल्या की थोडे थंड होऊ द्यायचे, हजार झाल्या की साफ करून तेल द्यायचे. त्यानंतर वाळू, चिखल, आम्लाने चढवलेला गंज, मुद्दाम बिघडवलेली काडतुसे. सॅव्हेज ३७ वेळा अडली. कोल्ट एकदाही नाही. २९ मार्च १९११ रोजी युद्धमंत्र्याने सही केली.

ब्राउनिंगच्या हाताची आणखी एक खूण आपल्या देशातही आहे. भारतीय लष्कराचे वर्षानुवर्षांचे नऊ मिलिमीटर पिस्तूल इशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होत आले. त्याची मूळ रचना ब्राउनिंगने आयुष्याच्या अखेरीस सुरू केलेली आणि त्याच्या मृत्यूनंतर बेल्जियममध्ये पूर्ण झालेली. इशापूर आणि दमदम ही दोन्ही ठिकाणे कलकत्त्याच्याच परिसरातली.

तर पिस्तूल तयार झाले १९११ मध्ये. मोरोंचे काय झाले होते तोवर? मार्च १९०६ मध्ये होलो बेटावर बुद दाहो नावाच्या मृत ज्वालामुखीच्या विवरात कर आणि अंमल नाकारणारे तौसुग लोक बायकामुलांसह जाऊन राहिले होते. मोरो प्रांताचा गव्हर्नर जनरल लिओनार्ड वुड याच्या सैन्याने डोंगरी तोफा दोरांनी वर ओढून विवराच्या कडेवर नेल्या. मशीनगन लावल्या. चौथ्या दिवशी विवरात जवळजवळ कुणी जिवंत नव्हते. मृतांचे अंदाज सहाशेपासून हजारापर्यंत जातात. अमेरिकी बाजूचे मृत विसाच्या आसपास. प्रेतांनी भरलेल्या खंदकाशेजारी उभ्या सैनिकांचे छायाचित्र उपलब्ध आहे. मार्क ट्वेनने त्याच महिन्यात या 'विजया'वर जळजळीत मजकूर आपल्या आत्मचरित्रासाठी सांगून लिहवून घेतला. त्याच्या हयातीत तो छापला गेला नाही.

त्या विवरात कोणाच्या कमरेला अडतीसचे रिव्हॉल्व्हर होते आणि कोणाच्या पंचेचाळीसचे, याला काय अर्थ होता? मोरो थांबले ते तोफांनी, रायफलींनी आणि १९११ च्या निःशस्त्रीकरणाच्या हुकमाने. जून १९१३ मध्ये बुद बागसाकला शेवटची मोठी लढाई झाली तीही तोफांच्या जोरावर, आणि तिथेही शेकडो मोरो मेले. एम-१९११ मोरोंच्या मुलखात पोहोचेपर्यंत मोरोंचे युद्ध जवळपास संपले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी पिस्तूल बनले असे सांगतात त्यांच्याविरुद्ध ते फारसे वापरावेच लागले नाही. ते वापरले गेले फ्रान्सच्या खंदकांत जर्मनांवर, पुढे जपान्यांवर, कोरियात, व्हिएतनाममध्ये. मात्र गोष्टीत समोर उभा राहिला तो मोरोच. बुद दाहोचे छायाचित्र विसरायचे असेल तर सहा गोळ्या खाऊन धावणाऱ्या मोरोची गोष्ट फार उपयोगी पडते. पहिल्यात मारणारे राक्षस दिसतात, दुसरीत मरणारा.

अमेरिकी लष्कराने या पिस्तुलाची शेवटची खरेदी १९४५ मध्ये केली आणि पुढची चाळीस वर्षे तोच साठा दुरुस्त करून वापरला. १९७० च्या दशकाअखेरीस काँग्रेसच्या समितीने मोजदाद करवली, तेव्हा सैन्यदलांत मिळून पंचवीस प्रकारच्या हातबंदुका आणि शंभरावर प्रकारची काडतुसे निघाली. नाटो मित्रांचे काडतूस नऊ मिलिमीटरचे. मग अमेरिकेनेही तेच घ्यावे असे ठरले. या वेळी कुणी कत्तलखान्यात गेले नाही. चर्चा सगळी एकसारख्या काडतुसाची, जास्त गोळ्या मावणाऱ्या मॅगझिनची, किमतीची. हवाई दलाने घेतलेल्या चाचण्या लष्कराने मानल्या नाहीत, लष्कराच्या पहिल्या चाचणीत सगळेच नापास झाले, दुसरी १९८४ मध्ये झाली. अखेरीस इटलीची बेरेटा आणि सिग सॉअर या दोन उरल्या. एका नगाचा भाव सिगचा किंचित कमी होता. पण मॅगझिन आणि सुटे भाग धरून एकूण बेरीज बेरेटाची कमी निघाली. जानेवारी १९८५ मध्ये कंत्राट बेरेटाला गेले, सुमारे तीन लाख पिस्तुलांचे.

स्मिथ अँड वेसन कंपनी मात्र कोर्टात गेली. तिला बाद करण्याचे एक कारण होते फायरिंग पिनचा जोर कमी भरणे. काँग्रेसच्या लेखापरीक्षकांनी १९८६ मध्ये शोधून काढले की मेट्रिक मापाचे इंग्रजी मापात रूपांतर करताना आकडा पूर्णांकात बसवताना घोळ झाला होता, आणि त्या घोळापायी कंपनी अन्यायाने बाद झाली होती. दशांश चिन्हाच्या उजवीकडचा एक आकडा आणि तीन लाख पिस्तुलांचे कंत्राट! पुढे काही बेरेटांची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, झाडताना तुटून मागे नेमबाजाच्या तोंडावर आला. मग १९८८ मध्ये पुन्हा चाचणी, १९८९ मध्ये पुन्हा बेरेटाच.

तिसरी निवड आमच्या डोळ्यांदेखतची. बेरेटाच्या जागी नवे पिस्तूल हवे म्हणून २०१५ मध्ये निविदा निघाली. मागणीपत्र साडेतीनशे पानांवर गेले. लष्करप्रमुख जनरल मिली २०१६ मध्ये जाहीर सभेत वैतागले : दोन वर्षे आणि १ कोटी ७० लाख डॉलर नुसत्या चाचणीला? तेवढ्या पैशात आपण दुकानात फोन करून सगळ्या सैन्याला पिस्तुले आणून देऊ, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. १९ जानेवारी २०१७ रोजी सिग सॉअरला जास्तीत जास्त ५८ कोटी डॉलरचे कंत्राट मिळाले. ग्लॉक कंपनीने हरकत घेतली. ती फेटाळताना जी कागदपत्रे उघड झाली त्यांत सिगची किंमत १६ कोटी ९५ लाख डॉलर आणि ग्लॉकची २७ कोटी २२ लाख डॉलर दिसते. एवढी तफावत असल्यावर पुढच्या सविस्तर चाचण्या दोघांच्या घेण्याची गरज लष्कराला वाटली नाही. निवड झाल्यानंतरच्या चाचणीत असे आढळले की पिस्तूल हातातून पडले तर चाप न ओढताही गोळी सुटू शकते. चापाचे भाग हलके करून तो दोष काढण्यात आला. १९११ च्या सहा हजार गोळ्यांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने या तिसऱ्या निवडीतली खरी बातमी पिस्तुलाची नाही, काडतुसाची आहे. या निविदेत अमेरिकी लष्कराने शरीरात शिरल्यावर फुलणारी, पोकळ टोकाची गोळीही मागितली. लष्कराच्या कायदा सल्लागारांनी २०१५ मध्ये कारखानदारांसमोर खुलासा केला की अमेरिका १८९९ च्या जाहीरनाम्याला बांधील नाही, आणि अशा गोळीला आता हरकत नाही. कारण दिले गेले ते बदलले होते, हे इन्साफाने सांगितले पाहिजे. गोळी आरपार जाऊन मागच्या निरपराधाला लागू नये, गर्दीच्या वस्तीत हे महत्त्वाचे, असा आता मुद्दा आहे. जगभरचे पोलीसही याच कारणाने अशी गोळी वापरतात, आणि तो मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण 'गर्दीच्या वस्त्या' म्हणताना त्या सभागृहात बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे कोणती शहरे होती? २०१५ साल होते. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेली माणसे मागणीपत्र लिहीत होती. दमदमच्या कारखान्यातून निघालेला युक्तिवाद सव्वाशे वर्षे फिरून पुन्हा पेशावरच्या आसपासच आला होता.

आणि खुद्द फिलिपाइन्स? अमेरिकेने घडवलेल्या तिथल्या सैन्याने एम-१९११ कमरेला लावूनच विसावे शतक काढले. १९७० नंतर मोरोंशी पुन्हा युद्ध पेटले तेव्हा पंचेचाळीसचे पिस्तूल आता मनिलाच्या अधिकाऱ्यांच्या हाती होते. २०१३ मध्ये त्या सैन्याने ते टाकले. रीतसर निविदा काढून नऊ मिलिमीटरची ग्लॉक पिस्तुले घेतली गेली. थोपवण्याची ताकद वगैरे प्रश्न फारसा निघाला नाही. जुनी पिस्तुले झिजली होती आणि सुटे भाग मिळत नव्हते.

पुढच्याच वर्षी, २७ मार्च २०१४ रोजी, मनिला सरकार आणि मोरो इस्लामिक लिबरेशन फ्रंट यांच्यात बांगसामोरोचा सर्वंकष करार झाला. वाटाघाटीच्या मेजावर या वेळी मोरो वकीलही बसलेले होते. १६ जून २०१५ रोजी मागिंदानाओमधल्या सुलतान कुदरत गावी पहिली ७५ शस्त्रे जमा झाली आणि १४५ लढवय्ये घरी परतले. मेजावर मांडलेल्या प्रत्येक शस्त्राची तपासणी होऊन नोंद केली जात होती. २०१९ च्या जानेवारीत सार्वमत होऊन बांगसामोरो स्वायत्त प्रदेशावर शिक्कामोर्तब झाले. स्पॅनिशांनी तुच्छतेने दिलेले नाव त्या लोकांनी आपल्या सरकारच्या पाटीवर लिहिले आहे. होलोमध्ये आजही बुद दाहो उभा आहे, विवरात झाडी वाढली आहे.